ऑपरेशननंतरच्या वेदना आणि ओपिऑइड औषधं : किती घ्यावं, किती सोसावं?

मुक्तछंदी
माझ्या थोरल्या भावाचं पोटाचं मोठं ऑपरेशन ठरलंय. मोठ्या आतड्याचा एक भाग काढायचा आहे. भूलतज्ज्ञ म्हणाले, पहिले काही दिवस मॉर्फिन, म्हणजे अफूच्या जातीचं (ओपिऑइड) वेदनाशामक, लागेल, बटण दाबून स्वतःच घ्यायचा पंप लावू, आणि घरी जाताना गरज वाटलीच तर थोड्या गोळ्या देऊ. दादाने तिथल्या तिथे सांगून टाकलं, "अफूची औषधं मला नकोत. मी सोसेन." वहिनीने त्याच्या कळवळण्याचा आत्तापासूनच धसका घेतलाय. घरात सरळ दोन तट पडलेत.

ज्यांनी हे स्वतः अनुभवलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा. खरंच सवय लागते का? नाही घेतलं तर दुखण्यापलीकडे काही नुकसान असतं का? आणि तो बटण दाबायला तयार नसेल, तर आम्ही दाबलं तर चालतं का?

पाऊलवाट
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. बटण फक्त रुग्णाने दाबायचं. बाकी सवडीने लिहिते.

काटेकोर
दादांचं बरोबर आहे असं माझं स्पष्ट मत. १९८० साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. इस्पितळात दाखल असताना ही औषधं मिळालेले ११,८८२ रुग्ण, आणि त्यात व्यसनाची नीट नोंद असलेले फक्त ४. ते रुग्ण दाखल होते, घरी गोळ्यांची बाटली घेऊन गेलेले नव्हते. पण पुढे वर्षानुवर्षं हे पत्र "व्यसन लागत नाही" याचा पुरावा म्हणून फिरवलं गेलं. १९९६ मध्ये अमेरिकेत पर्ड्यू कंपनीची ऑक्सिकॉन्टिन ही ओपिऑइड गोळी बाजारात आली. २००७ मध्ये पर्ड्यूशी संलग्न कंपनीने व्यसनाच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा कोर्टात कबूल केला. तोवर किती घरं उद्ध्वस्त झाली होती!

माझ्या नात्यातला एक तरुण मुलगा पाठीच्या ऑपरेशननंतर या गोळ्यांवर महिनोन्महिने राहिला. टाके केव्हाच भरले होते, गोळी सुटत नव्हती. त्याच्या आईची त्या काळातली अवस्था मी पाहिली आहे. म्हणून हा विषय निघाला की मी गप्प बसू शकत नाही.

शुद्धीवर
मी भूलतज्ज्ञ आहे. काटेकोर यांनी सांगितलेला इतिहास खरा आहे आणि आमच्या क्षेत्राने तो विसरू नये. पण त्यावरून "सोसा" हा निष्कर्ष निघत नाही.

पोटावर मोठा छेद असताना दुखणं आवरलेलं नसेल तर माणूस खोल श्वास घेत नाही. छाती वरवर हलते, फुप्फुसाचा खालचा भाग मिटून बसतो, कफ साठतो, न्यूमोनियाला वाट मिळते. खोकायचं टाळतो, कुशीवर वळायचं टाळतो, पलंगावरून उतरत नाही. पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. झोप लागत नाही, रक्तदाब आणि नाडी चढलेली राहते. शिवाय पहिल्या दिवसांत तीव्र दुखणं आवरलं गेलं नाही, तर पुढे ते महिनोन्महिने रेंगाळण्याची शक्यता जास्त असते. तेव्हा सोसणं फुकट नसतं.

आता सवयीबद्दल. २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, आधी कधीच ओपिऑइड न घेतलेल्या लोकांपैकी सुमारे ६ टक्के लोक ऑपरेशननंतर तीन ते सहा महिन्यांच्या काळातही ती घेत होते. ऑपरेशन न झालेल्यांत हेच प्रमाण ०.४ टक्के होतं. म्हणजे धोका आहे. पण लहान ऑपरेशन आणि मोठं ऑपरेशन यांत फारसा फरक नव्हता! जखमेच्या आकारापेक्षा तंबाखू, दारू, नैराश्य, चिंता, आधीपासूनचं जुनं दुखणं या गोष्टींशी त्याचा संबंध जास्त दिसला. म्हणून "किती मोठं ऑपरेशन" याइतकाच "रुग्ण कोण" हा प्रश्न आम्ही विचारला पाहिजे.

हळवा_कोपरा
@शुद्धीवर, सवय लागणं आणि व्यसन लागणं एकच का?

शुद्धीवर
नाही. काही दिवस-आठवडे सलग औषध चालू राहिलं की शरीर त्याच्याशी जुळवून घेतं. मग एकदम बंद केलं तर घाम, अस्वस्थपणा, जुलाब, अंगदुखी होते. हे बहुतेक कुणालाही होऊ शकतं, हळूहळू कमी केलं की टळतं. व्यसनात माणसाला औषधाची ओढ लागते, नुकसान दिसत असूनही हात थांबत नाही. पहिल्या प्रकाराला घाबरून लोक पहिल्याच रात्रीचं औषध नाकारतात.

पाऊलवाट
आता माझा अनुभव. दोन्ही गुडघ्यांचे सांधे बदलले. पायांना नसेचा ब्लॉक (नसेजवळ इंजेक्शन देऊन तो भाग बधिर करतात तो) दिला होता, त्यामुळे पहिल्या दिवशी मला वाटलं, हे तर काहीच नाही! आलेल्या प्रत्येकाला तसं सांगत होते. मध्यरात्री ब्लॉक उतरला आणि असा ठणका सुरू झाला की पलंगाचा कठडा धरून बसले. सिस्टर म्हणाल्या, ब्लॉक उतरायच्या आत गोळी पोटात जायला हवी, म्हणजे उघड्यावर पडायला होत नाही. ज्यांना ब्लॉक मिळणार आहे त्यांनी हे आधीच विचारून ठेवा : किती तास टिकेल, आणि त्याआधी काय घ्यायचं?

दुसरं म्हणजे व्यायाम. गुडघा वाकवायचा तो पहिल्या आठवड्यांत. फिजिओ येण्याआधी साधारण पाऊण तास गोळी घेतली की वाकायचा, नाही घेतली की मी आणि फिजिओ दोघीही हताश. माझ्यासाठी त्या गोळ्यांचा हिशोब एवढाच होता : आज पाय वाकला का?

निवृत्त_सिस्टर
पाऊलवाट, अगदी नेमकं बोललात. मी आयुष्यभर सर्जिकल वॉर्डमध्ये काम केलं. "शून्य ते दहा यात किती दुखतंय" हे विचारतोच, पण आकड्यावर मी कधी थांबले नाही. निपचित पडलेला माणूस "दोन" म्हणतो. त्याला सांगायचं, आता खोकून दाखवा. चेहरा बघायचा. खोल श्वास घेता येतो का, कुशीवर वळता येतं का, खुर्चीपर्यंत जाता येतं का. हे जमत असेल आणि आकडा चार असेल, तर माझ्या लेखी ठीक आहे. दुखणं अजिबात नको म्हणून औषध चढवत गेलं की माणूस गुंगीत जातो, आणि गुंगीतला माणूसही खोकत नाही.

पोटाच्या ऑपरेशनला एक साधा उपाय : उशी पोटाशी दोन्ही हातांनी घट्ट धरून खोकायचं. टाक्यांवर ताण कमी येतो. ऑपरेशनच्या आधीच घरी सराव करून ठेवा. उठतानाही सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर वळून, पाय खाली सोडून, मग हातांच्या जोरावर.

आणि बटणाबद्दल. नातेवाइकांनी दाबायचं नाही, याचं कारण सांगते. मॉर्फिनच्या पंपात साधारणपणे एका दाबाला १ मिलिग्रॅम जातं आणि मग ५ ते १० मिनिटं कुलूप लागतं, कितीही दाबा, काही येत नाही. पण खरं संरक्षण ते कुलूप नाही. औषध जास्त झालं की माणसाला झोप लागते आणि झोपलेला माणूस बटण दाबत नाही. मायेपोटी बायको-मुलांनी झोपेत बटण दाबलं की ते संरक्षणच गेलं.

टाकेबहाद्दर
एक नम्र विनंती. पोटाचं ऑपरेशन झालेल्यांना महिनाभर विनोद पाठवू नका. गोळीने ठणका थांबतो, हसू थांबत नाही.

रिमझिम
@टाकेबहाद्दर, विनोदालाही १० मिनिटांचं कुलूप लावायला हवं :)

काटेकोर
विनोद चालू द्या, पण माझा प्रश्न तसाच आहे. इस्पितळात पंप, सिस्टर, डॉक्टर सगळे आहेत. मला भीती घरची आहे. तिथे कोण बघणार?

गोळीबंद
मी औषधनिर्माता आहे, म्हणून घरच्या भागाबद्दल लिहितो.

सगळ्यात जास्त गोंधळ पॅरासिटामॉलचा होतो. ट्रामाडॉल या ओपिऑइडच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. रुग्ण ती घेतो, वर वेगळी पॅरासिटामॉलची गोळी घेतो, आणि सर्दी झाली म्हणून तिसरी, ज्यात पुन्हा तेच. प्रौढ माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा, आणि वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहून कमी. वेष्टनावरचं घटकांचं नाव वाचा, कंपनीने दिलेलं नाव नव्हे.

ट्रामाडॉल "सौम्य" म्हणून सर्रास दिलं जातं, पण ते सरळसाधं औषध नाही. नैराश्यावरच्या अनेक गोळ्यांबरोबर घेतलं तर शरीरात सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं : थरथर, ताप, घाम, बेचैनी. फिट येणाऱ्यांना ते टाळतात. शिवाय यकृतातलं एक विकर (एन्झाइम) त्याचं रूपांतर करतं, आणि ते विकर काहींच्यात फार मंद असतं, काहींच्यात फार तेज. म्हणून एकाला त्या गोळीने काहीच वाटत नाही आणि दुसऱ्याला तेवढ्यानेच गुंगी येते. कोडीन या दुसऱ्या ओपिऑइडचंही तसंच. "मला काहीच उपयोग झाला नाही" म्हणणारा रुग्ण नाटक करतोय असं कृपया समजू नका.

झोपेच्या गोळ्या, चिंतेवरच्या गोळ्या, दारू : यांतलं काहीही ओपिऑइडबरोबर नको. प्रेगाबालिन, गाबापेंटिन (नसांच्या दुखण्यावरची औषधं) चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. हे सगळे मिळून श्वास मंदावतात. गोळ्या चालू असेपर्यंत गाडीही चालवायची नाही.

निवृत्त_सिस्टर
श्वासाचा मुद्दा निघाला म्हणून. घरच्यांनी काय बघायचं ते सांगते. श्वास थांबण्याच्या आधी झोप येते. बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून डोळा लागणं, हाक मारली तर उघडून लगेच पुन्हा मिटणं, ही पहिली खूण. पुढची गोळी द्यायची नाही, डॉक्टरांना कळवायचं. हलवूनही नीट जागा होत नसेल, घोरण्यासारखा घरघर आवाज येत असेल, ओठ निळसर वाटत असतील, तर तातडीची मदत बोलवायची. नालॉक्सोन नावाचा उतारा आहे, पण त्याचा असर ओपिऑइडच्या आधी उतरू शकतो. त्यामुळे तो दिल्यावरही रुग्णाला सोडून जायचं नाही.

ज्यांना घोरताना श्वास अडकण्याचा आजार आहे त्यांनी हे ऑपरेशनच्या आधीच सांगायला हवं. बरेच जण "घोरणं काय सांगायचं" म्हणून सांगत नाहीत.

बोरूबहाद्दर
आणि बद्धकोष्ठ! याबद्दल कुणीच कसं बोललं नाही? माझ्या मणक्याच्या ऑपरेशननंतर पाठीपेक्षा पोटानेच जास्त रडवलं.

गोळीबंद
बोलायलाच हवं. हे औषध मेंदूत ज्या ग्राहींना (रिसेप्टर) जाऊन चिकटतं तेच आतड्यातही आहेत. मळमळ, गुंगी काही दिवसांत कमी होते, शरीर सरावतं. बद्धकोष्ठाला शरीर सरावत नाही, गोळी आहे तोवर ते राहतं. म्हणून रेचक पहिल्या गोळीबरोबरच सुरू करायचं, अडल्यावर नव्हे. नुसता कोंडा-भुसा खाऊन भागत नाही, पाणी कमी पडलं तर उलट आणखी घट्ट होतं. गंमत म्हणजे मळमळीसाठी देतात त्या ओन्डानसेट्रॉननेही बद्धकोष्ठ होतं.

पण मुक्तछंदीताई, तुमच्या दादांच्या आतड्यालाच जोड असणार आहे. त्यामुळे रेचक कुठलं आणि कधी, हे फक्त सर्जनना विचारून. इथलं वाचून नको.

शुद्धीवर
याला जोडूनच. आतड्याच्या ऑपरेशनला ओपिऑइड कमीत कमी लागावं असा आमचाही प्रयत्न असतो, कारण मॉर्फिनने आतडं आणखी सुस्तावतं. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात हा विचार पद्धतशीर मांडला : एकाच औषधावर सगळा भार टाकू नका, रुग्णाला लवकर खायला द्या, लवकर चालवा. आज बहुतेक ठिकाणी पाया पॅरासिटामॉलचा असतो, तोही ठरल्या वेळी, दुखो न दुखो. मूत्रपिंड, पोट आणि रक्तस्राव यांचा विचार करून आयबुप्रोफेनच्या जातीचं औषध. हृदयाच्या बायपासनंतर मात्र ते देत नाहीत. त्यावर एपिड्युरल (पाठीतल्या बारीक नळीतून बधिर करणारं औषध), किंवा पोटाच्या भिंतीतल्या नसांना ब्लॉक. एवढं करूनही जे दुखणं उरतं त्यासाठी ओपिऑइड. काटेकोर, तुमची आणि माझी भूमिका इथे बरीच जवळ येते.

काटेकोर
जवळ येते, हे मान्य. पण "उरतं त्यासाठी" हे शब्द डिस्चार्जच्या कागदावर उमटत नाहीत. तिथे "दिवसातून तीन वेळा" एवढंच असतं आणि कधी थांबायचं ते नसतं.

सांजवेळ
माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री ती भिंतीवर माणसं दिसतात म्हणू लागली, सलाईन ओढू लागली. आम्ही सगळे म्हणालो, मॉर्फिन बंद करा. डॉक्टरांनी आधी पोट चाचपलं. लघवी तुंबली होती. या औषधांनी तेही होतं हे तेव्हा कळलं. नळी घातली, मूत्रपिंडं मंद असल्यामुळे मॉर्फिनचे अंश साठत होते म्हणून औषध बदललं, मात्रा कमी केली, आणि जांघेजवळ ब्लॉक दिला. चष्मा आणि श्रवणयंत्र परत लावून दिलं. हळूहळू ती भानावर आली. डॉक्टर म्हणाले, वयस्कर माणसाला औषधाने भ्रम होतो तसा न आवरलेल्या दुखण्यानेही होतो. औषध एकदम बंद केलं असतं तर कदाचित आणखी बिघडलं असतं.

उजाडताना
बराच वेळ लिहू की नको असं चाललं होतं. मी दारूच्या व्यसनातून बाहेर आलेला माणूस आहे, अनेक वर्षं झाली. खुब्याचा सांधा बदलायची वेळ आली तेव्हा सगळ्यात जास्त भीती मला या गोळ्यांची होती. मी भूलतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं. ते जराही दचकले नाहीत. त्यांनी कमरेतून भूल दिली, ब्लॉक दिला, आणि घरी देताना अगदी मोजक्या गोळ्या दिल्या. त्या बायकोच्या ताब्यात. सकाळी ती त्या दिवसापुरत्या काढून द्यायची. माझ्या गटातला एक मित्र रोज संध्याकाळी फोन करायचा आणि दुखण्याबद्दल आधी, ओढीबद्दल नंतर विचारायचा.

काटेकोर, तुमच्या नात्यातल्या मुलाबद्दल वाचून वाईट वाटलं. पण माझ्यासारख्याला "तुला काहीच देणार नाही" म्हटलं असतं, तर दुखण्याने बेजार होऊन मी कुठे गेलो असतो ते मला ठाऊक आहे.

शुद्धीवर
उजाडताना, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. एक भर घालतो : जे ओपिऑइडच्या व्यसनासाठी बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनच्या उपचारावर आहेत त्यांनी ऑपरेशन आहे म्हणून ते स्वतःहून बंद करू नये. भूलतज्ज्ञांना सांगावं, आम्ही त्याच्यासकट आखणी करतो.

नवल
ओपिऑइड नसलेलं नवीन औषध आलंय ना?

शुद्धीवर
सुझेट्रिजिन. अमेरिकेत ३० जानेवारी २०२५ ला मान्यता मिळाली. मेंदूबाहेरच्या वेदनावाहक नसांतली एक सोडियमची वाट ते अडवतं, त्यामुळे गुंगी किंवा ओढ यांचा प्रश्न त्या प्रकारे येत नाही. ज्या चाचण्यांवर मान्यता मिळाली त्या पायाच्या अंगठ्याच्या हाडाच्या आणि पोटाची त्वचा कमी करण्याच्या ऑपरेशनांवरच्या. औषध नसलेल्या गोळीपेक्षा ते सरस ठरलं, पण हायड्रोकोडोन (एक ओपिऑइड) आणि पॅरासिटामॉलच्या जोडगोळीपेक्षा नाही. स्वागत आहे, पण दादांच्या ऑपरेशनची आखणी त्यावर अवलंबून नको.

मुक्तछंदी
सगळ्यांचे खूप आभार. ऑपरेशन झालं, दादा घरी आलाय. आधी मी हा धागा त्याला वाचून दाखवला. "बटण माझ्या हातात असणार आणि झोपलो तर औषध येणार नाही" हे कळल्यावर तो पंपाला तयार झाला. उशी धरून खोकायचा सराव वहिनीने करून घेतला होता. घरी येताना थोड्याच गोळ्या मिळाल्या, आणि काटेकोर यांचा प्रश्न मी डॉक्टरांना जसाच्या तसा विचारला : थांबायचं कसं? त्यांनी लिहून दिलं. आधी दोन गोळ्यांमधलं अंतर वाढवायचं, रात्रीची गोळी सर्वांत शेवटी सोडायची, ओपिऑइड सुटलं तरी पॅरासिटामॉल आणखी काही दिवस चालू.

पण आज एक शंका आहे. कालपर्यंत दुखणं रोज कमी होत होतं. आज दुपारपासून टाक्यांच्या एका बाजूला वाढलंय, अंगही जरा गरम लागतंय. तो म्हणतोय एक गोळी जास्त घेतो. द्यावी का?

निवृत्त_सिस्टर
जास्तीची गोळी देऊ नका. लगेच सर्जनना फोन करा, उद्याची वाट बघू नका. उतरत चाललेलं दुखणं उलटं फिरलं तर त्याचं कारण शोधायचं असतं. ताप, जखमेभोवती लाली, स्राव, पोट फुगणं, उलट्या, एका पोटरीला सूज, दम लागणं, यांतलं काय काय आहे ते बघून सांगा.

शुद्धीवर
सिस्टरांशी सहमत. आत्ताच फोन करा. जोडाच्या ठिकाणी गळती नाही ना हे त्यांना तपासावं लागेल.

मुक्तछंदी
रात्रीच नेलं. सर्जननी तपासलं, स्कॅन केला. आतला जोड व्यवस्थित आहे. जखमेच्या कातडीखाली पू झाला होता, दोन टाके काढून तो मोकळा केला आणि प्रतिजैविक सुरू केलं. पू निघाल्यावर दुखणं इतकं उतरलं की नंतर त्याने ओपिऑइडची गोळी मागितलीच नाही.

पाऊलवाट
हुश्श! सकाळपासून धागा उघडून बघत होते.

काटेकोर
दादांना लवकर बरं वाटो. आता उरलेल्या गोळ्यांचं काय करणार आहात? आमच्याकडे गोष्ट तिथूनच हाताबाहेर गेली होती.

गोळीबंद
महत्त्वाचा प्रश्न. २०१७ च्या एका आढाव्यात, निरनिराळ्या अभ्यासांतल्या ६७ ते ९२ टक्के रुग्णांकडे ऑपरेशननंतरच्या ओपिऑइड गोळ्या उरल्याचं आढळलं. त्या "पुढे कधी लागतील" म्हणून कपाटात राहतात, मग कुणाचा तरी दात दुखतो, किंवा एखादं लहान मूल डबी उघडतं. औषधं परत घेणारं दुकान किंवा इस्पितळ असेल तर तिथे द्या. नसेल तर गोळ्या वेष्टनातून काढून वापरलेल्या चहापत्तीत किंवा मातीत कालवा, पिशवीचं तोंड घट्ट बांधा आणि कचऱ्यात टाका. वेष्टनावरचं नाव खोडा. आणि टाकेपर्यंत कुलपात ठेवा.

मुक्तछंदी
वहिनीने आजच मोजून कुलपात ठेवल्यात. सोमवारी टाके दाखवायला जाणार आहोत तेव्हा इस्पितळाच्या औषधविभागात परत घेतात का ते विचारते आणि इथे लिहिते.